जमिनीची खासगी मालकी न्याय्य आहे का?

प्रश्न: घर बांधलं, विहीर खणली ते आपलं, हे कळतं. पण जमीन कुणीच बनवली नाही, मग आधी आला त्याने कुंपण घातलं आणि नातवाने बसल्याजागी भाडं खायचं, हे पटतं का?

भटक्या: मालकी काढली तर बांध कोण घालणार? उद्या हाकलतील म्हटल्यावर कुणी जीव ओतत नाही.

निवांत: त्याला लांब मुदतीचा करार पुरतो ना. सिंगापूरमध्ये सरकारी फ्लॅट ९९ वर्षांच्या लीजवरच देतात.

खडूस: हेन्री जॉर्ज या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाचं बरोबर वाटतं, जमीन ठेव तुझ्याकडे पण शेजारून रस्ता गेला म्हणून भाव वाढला, त्यात तू काय केलंस? त्यावर टॅक्स भर. एस्टोनियात टॅक्स जमिनीवर आहे, बांधकामावर नाही, म्हणजे घर बांधलं म्हणून दंड नाही आणि प्लॉट नुसता अडवून ठेवला तरी सुटका नाही.