सांडपाण्याच्या मसुदा नियमांवर लहान उद्योगाने हरकत कशी नोंदवावी?

प्रश्न : माझा धातूंवर क्रोमचा मुलामा देण्याचा लहान कारखाना आहे. राज्याच्या नव्या मसुदा नियमांत सर्व उद्योगांना, आकार कोणताही असो, सांडपाण्याची एकच मर्यादा आणि दरमहा प्रयोगशाळेतील तपासणी सुचवली आहे. ‘हे आम्हाला परवडणार नाही’ एवढेच कळवून उपयोग होईल का?

प्रतिसाद १ : फारसा नाही. कलमाचा क्रमांक, त्यातील नेमकी अडचण आणि त्याऐवजी कोणती शब्दरचना हवी, हे तिन्ही लिहावे. सोबत रोजच्या सांडपाण्याचे प्रमाण, जुने तपासणी अहवाल आणि खर्चाचा अंदाज जोडावा. एकाच मजकुराच्या शंभर पत्रांपेक्षा असे एक पत्र अधिक उपयोगी ठरते, असे माझे मत आहे.

प्रतिसाद २ : मर्यादा शिथिल करण्याची मागणी मात्र टाळावी, कारण षट्संयुजी क्रोमियम (क्रोम मुलाम्याच्या सांडपाण्यात आढळणारे क्रोमियमचे अधिक विषारी रूप) कर्करोगकारक आहे आणि कारखाना लहान असल्याने त्याची विषारी शक्ती कमी होत नाही. ते आम्लयुक्त पाण्यात, साधारण २ ते ३ पीएचला (पीएच म्हणजे आम्लतेचे माप), त्रिसंयुजी, म्हणजे कमी विषारी रूपात बदलून नंतर पीएच ८ ते ९ पर्यंत वाढवून गाळाच्या रूपात काढता येते. त्यामुळे मुदतवाढ, सामायिक प्रक्रिया केंद्र किंवा तपासणीची वारंवारता यांवर भर द्यावा. (स्वच्छ पाणी मिसळण्याचा पर्याय चुकूनही सुचवू नका, त्याने लिटरमागचे प्रमाण घटते, नदीत जाणारे एकूण क्रोमियम तेवढेच राहते.)

प्रश्नकर्ता : आभारी आहे. तपासणीच्या कलमावरच सविस्तर लिहितो.