मदत हवी आहे: देखावे बघायला डेक्कनपासून चालत जावं की मेट्रोने थेट मंडईपर्यंत?

गणपतीत एका रात्री पुण्यात कोथरूडहून पेठांतले देखावे बघायला जायचं आहे. आम्ही चौघं: मी, बायको, दहा वर्षांचा मुलगा आणि आई. आईचं वय ६४, सपाट रस्त्यावर दीड-दोन किलोमीटर आरामात चालते, पण जिने आणि एका जागी उभं राहणं तिला जमत नाही. मानाचे पाचही गणपती नकोत. कसबा, तांबडी जोगेश्वरी, दगडूशेठ आणि मंडईचा शारदा गणपती एवढं पुरे.

दुचाक्या नेऊन झाल्या आहेत. पार्किंग इतक्या लांब मिळालं की निम्मी चाल तिथेच संपली. रिक्षाने जाणं ठीक, पण मागच्या वर्षी बाराच्या पुढे परतीला एकही रिक्षा तयार होईना. कार काढणार नाही, रस्ते बंद असतात.

आता दोन पर्याय उरलेत. मेट्रोच्या वनाज मार्गाने डेक्कनला उतरून लकडी पूल, अलका चौक, मग लक्ष्मी रस्त्याने चालत. किंवा सिव्हिल कोर्टला गाडी बदलून कसबा पेठेत उतरायचं, पायी देखावे बघत मंडईला यायचं आणि तिथूनच परत. कागदावर दुसरा सोपा वाटतो, पण सिव्हिल कोर्टचं भुयारी स्टेशन चांगलंच खोल आहे आणि लिफ्टपुढे गर्दी असेल तर आईचे हाल.

शनिवार-रविवार सोडून, साधारण साडेआठला निघू. गेल्या वर्षी ज्येष्ठांना घेऊन कोणी गेलं होतं का? सिव्हिल कोर्टला बदलायला किती वेळ लागला, आणि रात्री अकरानंतर मंडई स्टेशनात शिरायला बाहेर रांग होती का?