ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर: आधी जसंच्या तसं हलवायचं की हलवतानाच सुधारायचं?

टेबलस्पेस:
ओरॅकल डेटाबेसमधून पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये जाण्याबद्दल माझं मत ठाम आहे: हलवताना फक्त हलवा. कॉलमची नावं, प्रोसिजरचं (डेटाबेसमध्येच साठवलेल्या प्रोग्रॅमचं) लॉजिक, कशालाच हात लावू नका. दोन्ही एकदम बदललं आणि महिनाअखेरचा आकडा चुकला, तर दोष नव्या डेटाबेसचा की नव्या लॉजिकचा हे शोधत बसावं लागतं. आधी ओराटूपीजी या स्थलांतराच्या साधनाचा अंदाज-अहवाल काढा. मग रिकामी टेबलं, त्यांत डेटा, नंतर इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची), शेवटी फॉरेन की (टेबलांमधले दुवे). सिक्वेन्स (आपोआप क्रमांक देणारे गणक) वापरलेल्या क्रमांकांच्या पुढे सरकवा. ॲनालाइझ (टेबलांची आकडेवारी गोळा करणारी आज्ञा) चालवल्याशिवाय ॲप जोडू नका, कारण आकडेवारी नसताना प्लॅनर, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग, दोन टेबलं जोडणाऱ्या साध्या जॉइनलाही भलताच रस्ता निवडतो.

रिकामी_स्ट्रिंग:
साफ असहमत. जसंच्या तसं हलतच नाही. ओरॅकलला रिकामी स्ट्रिंग (कोरा मजकूर) म्हणजेच नल (मूल्यच नाही), पोस्टग्रेसला त्या दोन वेगळ्या गोष्टी. फॉर्मवर मधलं नाव कोरं सोडलं की काल नल बसायचा, आज रिकामी स्ट्रिंग बसते. ‘इज नल’वर चालणाऱ्या रिपोर्टमधून ती ओळ गुपचूप गळते, एररही येत नाही. आणि जुन्या ओळींत नल आहेतच. दोन उभ्या रेघांनी (||) नाव जोडताना ओरॅकल नल सोडून देतं, पोस्टग्रेस अख्खं नावच नल करतं. तिथे नल वगळून जोडणारं कॉन्कॅट फंक्शन घालावंच लागतं.

प्रकारांचंही तेच. ओरॅकलच्या ‘डेट’मध्ये सेकंदापर्यंत वेळ असते, पोस्टग्रेसच्या ‘डेट’मध्ये नुसता दिवस, टाइमस्टॅम्प घ्या. नुसती ‘नंबर’ असलेली पूर्णांकी की (ओळ ओळखण्याचा क्रमांक) बिगइंट (मोठा पूर्णांक) करायची तर आत्ताच करा. कोट्यवधी ओळी भरल्यावर न्यूमेरिकची (‘नंबर’ला समांतर पोस्टग्रेसचा प्रकार) बिगइंट करायला गेलात तर टेबल पुन्हा लिहिलं जातं आणि तोवर लॉक.

टेबलस्पेस:
प्रकार मान्य, ते भाषांतरातच येतं. पण पॅकेज (ओरॅकलमधला प्रोसिजर-फंक्शनांचा गठ्ठा) फोडून नवी रचना करायची गरज नाही. ओराटूपीजी दर पॅकेजचा एक स्कीमा (डेटाबेसमधला वेगळा कप्पा) करतं, सुरुवातीला तेवढं पुरे.

सेव्हपॉइंट:
फंक्शनांपुरतं पुरे. पण एरर हाताळणीचं काय? ओरॅकलमध्ये एक इन्सर्ट फसला तर तेवढाच मागे फिरतो, पुढची वाक्यं चालतात. पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनच (एकत्र पक्क्या होणाऱ्या वाक्यांचा अख्खा गट) बाद होतं, रोलबॅक करेपर्यंत पुढची प्रत्येक क्वेरी नाकारली जाते. १०,००० ओळींच्या बॅचमध्ये ओळीगणिक सेव्हपॉइंट (ट्रान्झॅक्शनमधला मागे फिरण्याचा टप्पा) टाकणं महागात पडतं. डुप्लिकेटसाठी इन्सर्टमधलं ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ वापरा, म्हणजे ओळ आधीच असली तरी एरर येत नाही. म्हणजे लॉजिक बदललंच ना! एरर-लॉगसाठी वापरलेली ऑटोनॉमस ट्रान्झॅक्शनं (मुख्य ट्रान्झॅक्शन मागे फिरलं तरी टिकणारी) तर पोस्टग्रेसमध्ये नाहीतच. डीबीलिंक या एक्स्टेन्शनने वेगळं कनेक्शन उघडा किंवा लॉग ॲपकडे न्या.

जोडाक्षर:
मी टेबलस्पेसच्या बाजूने, निदान कॉलमच्या लांबीबाबत. ओरॅकलचा ५० बाइटचा कॉलम यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची १६ चिन्हंच घेतो, कारण एका चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष: ९ बाइट. पोस्टग्रेस ५० म्हणजे ५० चिन्हं मोजतो, त्यामुळे जाताना काहीच अडत नाही. अडतं परतीच्या वाटेवर. माघारीसाठी उलटं रेप्लिकेशन (पोस्टग्रेसमधले बदल ओरॅकलमध्ये पाठवणं) चालू ठेवलं असेल, तर नव्यात शिरलेलं २० चिन्हांचं नाव ६० बाइट होऊन ओरॅकलमध्ये आपटतं आणि नेमकी हवी तेव्हा माघार बंद. जुना सर्व्हर उतरवेपर्यंत अशा कॉलमवर ‘ऑक्टेट_लेंग्थ’ (बाइटमधली लांबी) ५०च्या आत ठेवणारा चेक (डेटा तपासणारा नियम) लावा.

रिकामी_स्ट्रिंग:
हा चेक पटला. कॉन्कॅटवर मात्र मी ठाम आहे.