एएमपीएसचं जेल पीबीएसमध्ये आक्रसतं, धन भार घातला की पेशी मरतात

जेलवाली: जखमेवरच्या पॅडसाठी एएमपीएस या ऋण भाराच्या मोनोमरचं (पॉलिमरचा सुटा घटक) जेल करतेय. डिस्टिल्ड वॉटरमध्ये चकती इतकी फुगते की पेट्रीडिशमध्ये मावत नाही, पीबीएसमध्ये (शरीरातल्या द्रवाइतकं खारं बफर पाणी) टाकली की आक्रसते. म्हणून भार जुळवायला धन भाराचा क्वाटर्नरी अमोनियमवाला मोनोमर मिसळला, एएमपीएसपेक्षा जरा जास्तच. आता एमटीटीत (पेशी जिवंत आहेत का ते बघायची चाचणी) पेशी पटापट मरतायत. गाईड म्हणतात, क्रॉसलिंकर (पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना बांधणारा रेणू) वाढव. मला पटत नाहीये.

बेंचवरचा दादा: क्रॉसलिंकरला हात लावू नकोस. डिस्टिल्ड वॉटरमधला आकडा आधी विसर, जखमेतून पाझरतं ते खारंच. एएमपीएसवरच्या ऋण भाराच्या सल्फोनेटच्या जोडीचे सोडियम आयन जेलमध्ये अडकलेले असतात, म्हणून पाणी आत ओढलं जातं. बाहेरही मीठ असलं की तो जोर ओसरणारच.

पेशींचं म्हणशील तर त्यांच्या पटलावर बाहेरून ऋण भार असतो, जास्तीचा धन भार त्याला चिकटून पटल फाडतो. पण लगेच पॉलिमरवर आळ नको, आत न जुळलेला मोनोमर उरला असेल. चकत्या पीबीएसमध्ये ठेव, पाणी बदलत राहा, आणि शेवटचं धुवण पेशींवर टाकून बघ. धुवण निरुपद्रवी आणि चकती मारकी निघाली, तर दोष भाराचा.

मी असतो तर सल्फोबीटेन मेथाक्रिलेट घेतलं असतं. दोन्ही भार एकाच मोनोमरवर, प्रमाण बिघडायची भीतीच नाही. साध्या पाण्यात ते मिटून बसतं, मिठात खुलतं. प्रथिनंही फारशी चिकटत नाहीत. पण जेल लेचंपेचं होतं.

चष्मेवाले काका: प्रथिनांवरून सांगतो. एटाफिल्कॉन ए या कॉन्टॅक्ट लेन्समध्ये मेथाक्रिलिक आम्ल, म्हणजे ऋण भार. अश्रूंतला धन भाराचा लायसोझाइम (एक प्रथिन) ती भरभरून शोषते. फॉस्फोरिलकोलीनवाल्या (त्यावरही दोन्ही भार) ओमाफिल्कॉन एवर तो बराच कमी बसतो.

जेलवाली: धन्यवाद काका. दादा, लेचंपेचं जेल मला चालणार नाही, पट्टी काढताना फाटेल. डबल नेटवर्क (एकात एक गुंतलेली दोन जाळी) करू का?

बेंचवरचा दादा: कर की! २००३ मध्ये होक्काइदो विद्यापीठात जियान पिंग गोंग यांच्या गटाने हेच एएमपीएस घट्ट जाळं म्हणून वापरलं आणि त्यात सैल पॉलिअॅक्रिलामाइड भरलं. जवळपास ९० टक्के पाणी, तरी दाबाखाली १७ मेगापास्कलपर्यंत तगलं. उरलेलं अॅक्रिलामाइड मात्र मज्जातंतूंना विषारी, तेव्हा धुण्यात कंजुषी नको.

जेलवाली: चकत्या आजच धुवायला टाकते. गाईडना कसं पटवायचं तेही सांगा कोणीतरी.