सहा वर्षांच्या मुलीची स्पायरोमेट्री आहे, तयारी कशी करून घ्यावी?

मुलीला सारखा खोकला येतो, छातीत घुरघुर होते, म्हणून डॉक्टरांनी स्पायरोमेट्री (यंत्राच्या नळीत फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजायची तपासणी) सांगितली आहे. घरी कोणता सराव करून घ्यावा? त्या दिवशी पंप द्यायचा की नाही?

उत्तर १
पंपाचं आधी डॉक्टरांना विचारून घ्या. दम्याचं निदान करायचं असेल तर साल्बुटामॉल (श्वासनळ्या मोकळ्या करणारं पंपातलं औषध) साधारण ४ ते ६ तास आधी बंद ठेवायला सांगतात. चालू औषध पुरतंय का एवढंच बघायचं असेल, तर बहुतेक वेळा नेहमीसारखं घेऊनच बोलावतात. मात्र मध्येच धाप लागली तर पंप द्याच, आणि किती वाजता दिला ते तिथे सांगा.

सरावात मेणबत्ती विझवायला लावू नका. त्याने गाल फुगवून छोटी फुंकर मारायची सवय लागते, आणि इथे नेमकं उलटं हवं असतं: छाती गच्च भरून श्वास आत, मग एकदम जोरात बाहेर, आणि संपला असं वाटलं तरी सोडत राहायचं. मुलं अडतात ती या शेवटच्या टप्प्यावर. अंगठा जाईल एवढी पुठ्ठ्याची नळी करा. दात नळीवर अलगद, ओठ घट्ट मिटलेले, जीभ नळीखाली. जीभ नळीच्या तोंडाशी आली की हवा अडते आणि यंत्रावरचा आलेख खोटा येतो. समोर टिश्यूपेपरची पट्टी धरा. ती पहिल्याच झटक्याला उडाली पाहिजे आणि तुम्ही सावकाश तीन मोजेपर्यंत वरच राहिली पाहिजे. एका वेळी दोन-तीनच फुंकरा, नाहीतर चक्कर येते.

उत्तर २
नाकाला चिमटा लावतात, त्याला मुलं बिचकतात. घरी बोटांनी नाक धरून तोंडाने श्वास घ्यायला शिकवा.

कपडे सैल, खाणं हलकं. केस डोक्यावर बांधू नका: अपेक्षित आकडे उंचीवरून काढतात, त्यामुळे उंची चुकली की निकालही चुकतो.

निदान तीन फुंकरा नीट यायला हव्यात आणि त्यांतल्या दोन सर्वोत्तम एकमेकींशी जुळायला हव्यात. म्हणून ‘पुन्हा कर’ म्हटलं की तिचं चुकलं असं नाही, हे तिला आधीच सांगून ठेवा. नंतर बहुधा स्पेसरने (पंपाला जोडायच्या पोकळ नळीने) साल्बुटामॉल देऊन १०-१५ मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. तेवढ्या वेळासाठी गोष्टीचं पुस्तक न्या.

प्रश्नकर्ती
आदल्या दिवशी सर्दी झाली तर?

उत्तर १
फोन करून विचारा, शक्यतो पुढची तारीख घ्या. सर्दीत आकडे खाली येतात, शिवाय फुंकताना पहिल्याच सेकंदात खोकला आला की ती फुंकर धरत नाहीत. आणि हो, यात सुई नसते, हे तिला आजच सांगा.