घरात बसलात तरी चष्मा हवाच
‘मेथॉक्सालेनची गोळी घेऊन दिवसभर घरातच असते, मग चष्मा कशाला?’ असं विचारलंत. ताई, ही कोडावरची सोरालेन गटातली गोळी; तिने त्वचा आणि डोळे अतिनील किरणांना हळवे होतात, आणि खिडकीच्या काचेतूनही अतिनील-ए किरण बऱ्यापैकी आत येतात. गोळीनंतर २४ तास ते किरण अडवणारा, बाजूंनीही झाकणारा चष्मा लावा. रस्त्यावरचा नुसता काळा नको.

माझ्या हातावर कोड आहे. गोळी घेऊन ठरलेला वेळच ऊन घ्यायचं असतं; सुरुवातीला शहाणपणा करून पाच मिनिटं जास्त घेतलं. संध्याकाळी काहीच नाही, तिसऱ्या दिवशी मनगटावर टपोरे फोड! लाली ४८ ते ७२ तासांनी चढते, म्हणून तर लागोपाठच्या दिवशी गोळी-उन्हाचा डोस देत नाहीत.

मळमळत असेल तर गोळी दुधाबरोबर घ्या. आणि घरगुती म्हणून बावचीचं चूर्ण चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, त्यातही सोरालेनच असतं.