उबुंटूवर पायथनची तीन व्हर्जन एकत्र कशी ठेवायची? (टर्मिनल उघडायचं बंद झालंय)

अर्धवट_कोडर:
मंडळी मदत करा जरा, घाईत आहे. उबुंटू २२.०४ आहे, त्यात पायथन ३.१० आधीपासूनच असतं. आता एक जुना प्रोजेक्ट गळ्यात पडलाय, त्यात नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) १.१९ फिक्स करून ठेवलंय, ते ३.१० वर पिपने (पायथनची पॅकेजं टाकणारं टूल) टाकायला गेलं की कंपाइल करत बसतं आणि शेवटी एररचा ढीग. नवीन कामाला मात्र ३.१२ पाहिजे. मग डेडस्नेक्सच्या पीपीएवरून (उबुंटूबाहेरचा पॅकेजांचा साठा) ३.८ आणि ३.१२ दोन्ही टाकले, इथपर्यंत सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं, पण मग कुठेतरी वाचून अपडेट-अल्टर्नेटिव्हजने (एका नावामागे कुठला प्रोग्रॅम चालेल ते ठरवणारी कमांड) पायथन३ हे नाव ३.१२ कडे वळवलं. तेव्हापासून टर्मिनलच उघडत नाही, क्लिक केलं की जरा गोल फिरतं आणि गप्प. एडिटरमधल्या टर्मिनलवरून ॲप्ट (उबुंटूचं पॅकेज टूल) अपडेट मारलं तर शेवटी ॲप्ट_पीकेजी मॉड्यूल सापडत नाही म्हणतंय. फॉरमॅट मारू का?

जुनं_खोड:
अरे थांब, फॉरमॅट कशाला! हा खड्डा ठरलेला आहे, प्रत्येक जण एकदा पडतोच, मी तर दोनदा पडलोय.

झालंय काय, तो ३.१० तुझ्यासाठी नाहीये, तो उबुंटूचा आहे. जीनोम टर्मिनल सुरू करणारी स्क्रिप्टच पायथनमध्ये लिहिलेली आहे आणि ती यूएसआर-बिनमधल्या पायथन३ ला हाक मारते. ॲप्ट स्वतः सी++ मधलं, म्हणून अपडेट झालं असणार, पण त्याच्या मागून जी कमांड-नॉट-फाउंडवाली (न सापडलेल्या कमांडसाठी पॅकेज सुचवणाऱ्या टूलची) स्क्रिप्ट चालते ती पायथनची, तिथे आपटलं. ॲप्ट_पीकेजी हे कंपाइल केलेलं मॉड्यूल आहे, फाइलच्या नावातच सीपायथन-३१० असं असतं, ३.१२ त्याला ओळखच दाखवत नाही.

आता एडिटरच्याच टर्मिनलमधून (तेही बसलं तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळी स्क्रीन) अपडेट-अल्टर्नेटिव्हजला रिमूव्ह-ऑल सांगून पायथन३ ची नोंद काढ. त्याने ती लिंकच उडते, घाबरू नको, लगेच एलएन -एस ने पायथन३ नावाची लिंक परत पायथन३.१० कडे जोड. दोन्हीला सुडो (ॲडमिनचे अधिकार) लागेल. आणि पुन्हा त्या नावाला हात लावू नकोस. तुझे ३.८ आणि ३.१२ आपापल्या पूर्ण नावाने शेजारी बसलेत ना, बसू दे की, त्रास काय आहे त्यांचा?

प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये वेगळं व्हीएन्व्ह (त्या प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथनचं वातावरण) कर. पायथन३.८ -एम व्हीएन्व्ह आणि पुढे फोल्डरचं नाव असं लिहून बनवलंस की त्यात ॲक्टिव्हेट केल्यावर नुसतं पायथन लिहिलं तरी ३.८ च चालतं. नमपाय १.१९ ची तयार व्हील (आधीच कंपाइल केलेली पॅकेजं) ३.९ पर्यंतच आहेत, म्हणून ३.१० वर ते सोर्सपासून बांधायला बसत होतं. एक लक्षात ठेव, व्हीएन्व्हचं फोल्डर उचलून दुसरीकडे हलवू नको, आत पूर्ण पाथ कोरलेले असतात, हलवलंस तर पुसून नवीन कर.

शेपटी_सापाची:
खोड बरोबर सांगतायत, पण पीपीए कशाला, पायएन्व्ह (पायथनची व्हर्जनं सांभाळणारं टूल) टाक ना. सगळं होम फोल्डरमध्ये राहतं, सिस्टिमला धक्का नाही, प्रोजेक्टमध्ये .पायथन-व्हर्जन नावाची फाइल ठेवली की फोल्डरमध्ये शिरताच व्हर्जन आपोआप बदलतं. फक्त ते पायथन सोर्सपासून बांधतं, तेव्हा ओपनएसएसएल, बीझेड२, एसक्यूलाइट, एफएफआय यांच्या डेव्ह लायब्ऱ्या आधी टाक, नाहीतर इन्स्टॉल झालं म्हणेल आणि महिन्याभराने कळेल की एसक्यूलाइट३ इम्पोर्टच होत नाही 😅

रस्टवाला:
२०२४ नंतर पायएन्व्ह कोण वापरतं 🙂 यूव्ही घ्या. आधीच बांधलेलं पायथन उतरवतं, कंपाइलची भानगडच नाही, व्हीएन्व्हही तेच करतं.

शेपटी_सापाची:
@रस्टवाला चालू गाडीचं इंजिन कोण बदलतं बाबा. नवीन मशीनवर बघू.

खिडकीतून:
मी विंडोजवर आहे, तिकडे पण असंच करायचं का? मी पायथन लिहिलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअरच उघडतं.

जुनं_खोड:
@खिडकीतून तुमच्याकडे सिस्टिमच पायथनवर चालत नाही, त्यामुळे मोडायची भीती कमी. पायथनच्या साइटवरचा इन्स्टॉलर वापरलात तर सोबत पीवाय नावाचा लाँचर येतो, पीवाय -३.८ लिहा की ३.८ चालतं, पीवाय -० ने यादी दिसते. स्टोअरवालं सेटिंगमध्ये ॲप एक्झिक्यूशन अलियसमध्ये जाऊन बंद करा.

अर्धवट_कोडर:
टर्मिनल आलं परत!! खोड काका, दंडवत. लिंक उडाल्यावर दोन मिनिटं हात थरथरत होते खरं. पण आता ३.८ ने व्हीएन्व्ह करायला गेलो तर एन्शुअरपिप (व्हीएन्व्हमध्ये पिप बसवणारं मॉड्यूल) उपलब्ध नाही म्हणतंय. ३.१२ लाही तेच.

जुनं_खोड:
डेबियन घराण्याची खोड आहे ती, व्हीएन्व्हचं पॅकेज वेगळं काढून ठेवतात. ॲप्टने पायथन३.८-व्हीएन्व्ह आणि पायथन३.१२-व्हीएन्व्ह टाक. अर्धवट झालेलं फोल्डर पुसून मग परत कमांड मार. आणि काका नको म्हणू रे, इतकाही जुना नाही.

अर्धवट_कोडर:
झालं! नमपायचं व्हील काही सेकंदात उतरलं. ३.१२ वाल्यात एक जुनं पॅकेज डिस्टयूटिल्स (पॅकेज बांधायचं जुनं मॉड्यूल) नाही म्हणून रडतंय, ते ३.१२ पासून काढून टाकलंय असं दिसतंय, आधी सेटअपटूल्स (त्याची जागा घेणारं पॅकेज) टाकून बघतो, नाहीच जमलं तर नवीन धागा काढतो.